मे महिन्यात मुंबई की फोंडा?

पत्र थोडक्यात असे:

सत्तरी तालुक्यातली ही मुलगी पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.च्या चौथ्या वर्षाला आहे. रोज कदंबच्या बसने वाळपईहून पणजीला कॉलेजला जाते. चाळीसएक ठिकाणी अर्ज पाठवल्यावर मुंबईतल्या एका मोठ्या लॉ फर्मने तिला मे महिन्यात चार आठवडे 'समर इंटर्न' म्हणून बोलावले आहे. फर्म दहा हजार रुपये देणार. लोअर परळच्या आसपास पीजीचेच पंधरा हजार होतात, वर डिपॉझिट. आते डोंबिवलीला राहते. वडिलांचा खाणीवर टिपर होता. खाणी बंद पडल्यावर तो विकला, आता ते एका शाळेची बस चालवतात. वडिलांचे चुलतभाऊ फोंड्यात पंचवीस वर्षे वकिली करतात. हिच्या पहिल्या वर्षाची फी त्यांनीच भरली होती. "मेमध्ये माझ्याकडे ये, तुझ्यासाठी टेबल टाकून ठेवतो," असे त्यांनी चतुर्थीलाच सांगून ठेवले आहे. मुंबईला गेलीस तर काकांना राग येईल, असे बाबा म्हणतात. आई काहीच म्हणत नाही.

ती लिहिते, "अमेरिकेतल्या समर असोसिएट मुलांचे व्हिडिओ मी बघते. उन्हाळ्यात दहा आठवडे काम करायचे आणि शेवटी नोकरीचे पत्र हातात. ही संधी सोडली तर माझे दार कायमचे बंद होईल असे वाटते. मग फोंड्यात मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) केसेस आणि भावाभावांची भांडणे यांतच जन्म जाईल. शिवाय माझी शाळा चौथीपर्यंत मराठी. तिथल्या मुलांपुढे माझे इंग्रजी टिकेल का, याची भीती वाटते. वीस तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. ताई, काय करू?"

बाय,

ओळखपाळख नसताना, वाळपईत बसून, चाळीस अर्जांत एक होकार मिळवलास. हे तू पत्रात एका ओळीत उरकलेस आणि काकांच्या रागावर दीड पान लिहिलेस. पत्र वाचताना मी आधी हेच बघते, कशाला किती जागा दिली आहे ते.

पण आधी ते व्हिडिओ. तुझ्या निम्म्या धास्तीचे मूळ तिथे आहे.

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पहिल्या पदवीनंतर तीन वर्षांचे असते. दुसरे वर्ष संपल्यावरचा उन्हाळा मोठ्या फर्ममध्ये काढणाऱ्यांना समर असोसिएट म्हणतात. साधारण दहा आठवडे, आणि पगार तिथल्या नव्या वकिलाच्याच दराने. न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये नव्या असोसिएटचा मूळ पगार २०२३ च्या अखेरीपासून वर्षाला २,२५,००० डॉलर आहे, म्हणजे आठवड्याला चार हजार डॉलरच्या वर. मधूनमधून फर्मच्या खर्चाने जेवणे, बेसबॉलचे सामने. आणि शेवटी बहुतेकांना नोकरीचे पत्र मिळते, हेही खरे. मात्र ते मिळते, कारण चाळण आधीच लागून गेलेली असते. त्या उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, मुख्यतः पहिल्या वर्षाचे गुण बघून मुलाखती होतात आणि तिथे गळायचे ते गळतात. आत आलेल्या मुलाला फर्मने जवळजवळ निवडलेलेच असते. उरलेले दहा आठवडे त्याने काही भलते करू नये, एवढेच बघायचे असते. अगदी तेही भरवशाचे नाही. २००८ च्या मंदीनंतर बऱ्याच फर्मनी हे कार्यक्रम आखडते घेतले, हातात पत्र असलेल्या मुलांनाही रुजू होण्यासाठी ताटकळत ठेवले. शिवाय त्या हसऱ्या चेहऱ्यांपैकी अनेकांच्या डोक्यावर शिक्षणाचे भलेमोठे कर्ज असते. ते व्हिडिओत दिसत नाही.

आपल्याकडे समर इंटर्न म्हणतात ते वेगळे प्रकरण. नाव सारखे, म्हणून आपण मालही सारखा धरतो. इथल्या मोठ्या फर्म वर्षभर, महिन्यामहिन्याच्या तुकड्यांनी इंटर्न घेतात. त्यात दोन जाती असतात. पहिलीत चार आठवडे काम करायचे, प्रमाणपत्र घ्यायचे आणि घरी यायचे. दुसरीला असेसमेंट इंटर्नशिप म्हणतात. तिथे तुझ्या कामावर कुणीतरी लेखी शेरा मारतो आणि पसंत पडलीस तर शिक्षण संपण्याआधीच नोकरी देऊ करतात. त्याला मुले पीपीओ (प्री-प्लेसमेंट ऑफर) म्हणतात, तुला ठाऊक असेलच. तुझी यांपैकी कोणती? तुझ्या पत्रात ते कुठेच नाही, आणि मला वाटते फर्मलाही तू विचारलेले नाहीस. चौथे वर्ष संपवून पाचव्याला जाणाऱ्या मुलीसाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तेव्हा आजच तीन-चार ओळींचा मेल लिही. कोणत्या टीममध्ये बसवणार? शेवटी कामाचा लेखी शेरा मिळतो का? पुढच्या वर्षी पदवी घेणाऱ्यांचा नोकरीसाठी विचार यातून होतो का? मानधन कधी हातात पडते? असे विचारले म्हणून कुणी आगाऊ समजत नाही. उलट, नीट विचारलेला प्रश्न हाच तिथे तुझा पहिला नमुना ठरेल. माझा स्वतःचा कल सांगायचा तर, उत्तर 'फक्त प्रमाणपत्र' असे आले तरी जा. फक्त काय आणायला जातेस ते मग वेगळे असेल.

'दार कायमचे बंद होईल' यात अर्धे तथ्य आहे. ते मी लपवणार नाही. बड्या फर्म भरतीसाठी मुख्यतः राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जातात. तिथे पहिल्याच दिवशीच्या भरतीला 'डे झिरो' म्हणतात, आणि गोव्यातल्या कॉलेजच्या आवारात तसा दिवस उगवत नाही. म्हणून आपल्या मुलांना आत शिरायला इंटर्नशिप हीच वाट. पण ती एकदाच उघडणारी वाट नाही. पाचव्या वर्षातही जाता येते. पदवीनंतर दोन वर्षे चांगल्या वकिलाच्या चेंबरमध्ये काढून फर्ममध्ये गेलेली माणसे माझ्या माहितीत आहेत, आणि फर्म सोडून कोर्टात आलेली तर त्याहून जास्त.

आता फोंडा. तुझे अडले आहे ते 'मे महिन्यात' या शब्दांवर. मेमध्ये फोंड्याच्या कोर्टात काय असते, हे कुणी विचारात घेतलेय का? दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी. पर्वरीला हायकोर्टाच्या खंडपीठालाही सुट्टी. तातडीची कामे तेवढी चालतात, फौजदारी कोर्टे चालू असतात, मामलेदाराकडे तारखा पडतात. पण साक्षीदाराची उलटतपासणी ऐकायची, युक्तिवाद ऐकायचा, न्यायाधीश एखाद्या वकिलाला मध्येच थांबवून काय विचारतात ते बघायचे, तर जून उजाडावा लागतो. काकांनी टेबल टाकले तरी समोरचे कोर्ट बंद. फर्मना असली सुट्टी नसते, कंपन्यांचे करारमदार मेमध्येही होतात. म्हणजे मे मुंबईला आणि पाऊस लागल्यावर फोंडा, हे वेळापत्रक कोर्टानेच करून ठेवले आहे. पंचवीस वर्षे वकिली केलेल्या काकांना हे सांगावेही लागणार नाही. त्यांनी मे म्हटले ते बहुधा तुझी सुट्टी तेव्हा असते म्हणून.

याला नियमाचाही आधार आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, तीन वर्षांच्याला १२. वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त चालत नाही. आणि एक अट मुले सोयीस्कर विसरतात. संपूर्ण शिक्षणात एकदा तरी खालच्या कोर्टात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे इंटर्नशिप झालीच पाहिजे. म्हणजे नुसत्या फर्मच्या प्रमाणपत्रांवर तुझे भागणार नाही. काका तुला तसेही लागणारच आहेत. आतापर्यंत किती आठवडे भरले ते कॉलेजच्या कचेरीत जाऊन बघ, अंदाजावर राहू नकोस. शेवटच्या सत्रात आठवडे कमी पडले म्हणून धावपळ करणारी मुले दरवर्षी दिसतात.

पत्रात मला खरे खटकले ते 'मुंडकाराच्या केसेस आणि भावाभावांची भांडणे'. तुझ्या लिहिण्यात एक नाक मुरडणे आहे. मीही तुझ्या वयात मुरडले होते, म्हणून ओळखू येते.

असे समज की मुंबईच्या त्या काचेच्या इमारतीत तुझ्यापुढे एक फाईल आली. कुठल्याशा कंपनीला बार्देशातले जुने घर आणि भोवतालचे भाट (बागायत) हॉटेलसाठी घ्यायचे आहे. टायटल, म्हणजे मालकी, तपासायचे आहे. १९८७ चे विक्रीखत आहे, विकणारा एकटा, सही एकट्याची. शेजारी बसलेला दिल्ली नाहीतर बंगळुरूचा मुलगा हुशार आहे, तो स्टॅम्प बघेल, नोंदणी बघेल, पुढे जाईल. तू विचारशील, "बायकोची सही कुठे आहे?" कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आजवर गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता सामायिक होते, आणि जमीन विकायला दोघांच्या सह्या लागतात. हे तू पुस्तकात वाचायच्या आधी घरात बघितले आहेस. बाबांनी टिपर विकला तेव्हा नसेल लागली, पण आजोबांची काजूची बाग गेली असेल तर आजीलाही सहीसाठी नेले असणार. विचारून बघ आईला.

तसेच इन्व्हेंटरीचे. माणूस गेल्यावर वारस कोण, मालमत्ता किती, कुणाचा वाटा काय, हे कोर्टापुढे मांडायचे. घराचे तुकडे पडू शकत नसतील तर वारसांनी आपसात बोली लावायची. निम्म्या मालमत्तेचे मृत्युपत्र करताच येत नाही, ती सक्तीच्या वारसांचीच. हा सगळा विषय आता २०१२ च्या कायद्यात आहे, तो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला. मुंबईच्या वकिलाला हे वेगळ्या देशासारखे वाटते. तू ज्यांना भावाभावांची भांडणे म्हणतेस, ती म्हणजे बहुतेक वेळा हीच इन्व्हेंटरी. मुंडकाराची केस म्हणजे १९७५ चा कायदा, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेवरचे घर आणि मामलेदारापुढचा पुरावा. फोंड्यात तर देवस्थानांच्या महाजनांचे, म्हणजे वंशपरंपरागत सभासदांचे, तंटे, त्यांना १९३३ ची पोर्तुगीज नियमावली लागू. आणि तू सत्तरीची. आल्वारा आणि मोकासो हे जमिनीच्या हक्कांचे शब्द तुझ्या घरात ओटीवर बोलले जातात. बाहेरच्याला ते समजावून सांगायला अर्धा दिवस जातो.

या ज्ञानाला बाजारात किंमत आहे. बाहेरचा पैसा गोव्याच्या जमिनीत येतो आहे आणि त्याच्या मागोमाग कज्जे येत आहेत. जुन्या दस्तांच्या खोट्या नकला करून जमिनी लाटल्याची इतकी प्रकरणे झाली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. असल्या फाईलवर मुंबईतल्या फर्मला गोव्यात कुणीतरी विचारायला लागते. ते कुणीतरी म्हणजे तुझ्या काकांसारखे वकील. राष्ट्रीय विद्यापीठाच्या मुलाशी त्याच्या मैदानात झुंजायला गेलीस तर दमशील. तुझे स्वतःचे मैदान फोंड्यात आहे, आणि तू तिथूनच पळायला बघतेस.

माझे सांगते, कंटाळा येणार नसेल तर.

१९९१ च्या मेमध्ये मी मुंबईत फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये महिनाभर होते. पैसे शून्य. जाताना डोळ्यांपुढे मोठमोठे खटले. पहिल्या दिवशी समोर आला तो अपिलाच्या कागदांचा गठ्ठा आणि एक लाल पेन्सिल. पाने घाल. म्हणजे प्रत्येक पानावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, आकडा. पंखा गरगरतोय, हाताला घाम, झेरॉक्सची पाने एकमेकांना चिकटलेली. सहाशेच्या पुढे गेल्यावर लक्षात आले की दोनशे चौदाच्या पोटात एक पान चिकटून राहिले होते. झाले, आता चारशे आकडे खोडा! तिथले मॅनेजिंग क्लार्क सावंतवाडीकडचे होते, धोतर नेसणारे शेवटचे असावेत. त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली, सुटलेल्या पानावर '२१४-अ' असे लिहिले आणि म्हणाले, "कोर्टाला पान सापडायला हवं, तुझं अक्षर नको." मग चहा सांगितला.

त्या महिन्यात कुठल्याही भागीदाराने माझे नाव विचारले नाही. बोलावून एक कामाचा शब्द कुणी सांगितला नाही, आणि ती त्या फर्मची चूकच होती असे मला आजही वाटते. पण दाव्याची मुदत कशी मोजायची, रजिस्ट्री कशावर हरकत काढते, कागद परत आला तर कुणाला भेटायचे, हे मी त्या क्लार्ककडून शिकले. पणजीत वकिली सुरू केल्यावर पहिली पाच वर्षे मी त्यावरच काढली.

तुझ्याकडे आता लाल पेन्सिल नसेल. तीनशे पानांचा करार असेल आणि त्यात 'कंपनी' हा शब्द कुठे मोठ्या अक्षराने आहे, कुठे नाही, हे तपासायचे असेल. शंभर भाडेकरारांचा तक्ता असेल. एखाद्या मुद्द्यावर निकाल शोधून टिपण लिहायचे असेल, आणि ते मागणारा तिसऱ्या वर्षाचा असोसिएट स्वतः रात्रभर न झोपलेला असेल. त्याला काय हवे आहे ते समजल्याशिवाय जागची उठू नकोस. किती पाने, कधीपर्यंत, अशिलाला जाणार की फक्त त्याच्यासाठी, हे लिहून घे आणि वाचून दाखव. टिपणाच्या पहिल्या दोन ओळींत उत्तर, कारणे नंतर. निकाल शोधलास तर तो पुढे अपिलात उलटला का ते बघ. या एका सवयीवर कितीतरी इंटर्न तरतात. काम नसेल तेव्हा तासभर वाट बघ आणि मग शेजारच्याला विचार. फोन बघत बसलेली इंटर्न सगळ्यांच्या लक्षात राहते.

इंग्रजीचे भय सोड असे मी म्हणणार नाही, भय काही सांगून सुटत नाही. पण फर्मचे इंग्रजी म्हणजे वादविवाद स्पर्धेचे इंग्रजी नव्हे. ते कोरडे, छोट्या वाक्यांचे, तेच तेच शब्द पुन्हा वापरणारे असते. कॉन्व्हेंटची मुले तिथे उलट फुलोऱ्यामुळे मार खातात. आतापासून रोज एक निकाल घे, त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाच, मग तो न बघता चार ओळींत लिही. महिनाभर. उच्चारावर कुणी हसले तर हसू दे. मराठी दस्त वाचून त्याचा गोषवारा इंग्रजीत देता येणे ही त्या मजल्यावर दुर्मीळ गोष्ट असेल, आणि अर्जात तू ती लिहिली नसशील अशी माझी खात्री आहे. पहिल्याच दिवशी सांगून टाक.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. तिथे दिसलेला कागद, कंपनीचे नाव, व्यवहाराचा आकडा बाहेर जाता कामा नये. फोटो काढायचा नाही, सोशल मीडियावर टाकायचे नाही, भाषांतरासाठी कुठल्या चॅटबॉटमध्ये चिकटवायचे नाही, आतेच्या घरी जेवतानाही बोलायचे नाही. कंपनी शेअर बाजारात असेल आणि तुझ्या बोलण्यावरून कुणी शेअर घेतले तर सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली तूही अडकशील. दुसरी गोष्ट, ऑफिसात कुणी नको तसे वागले तर 'मी तर चार आठवड्यांची' म्हणून गिळायचे नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. तक्रार समितीत कोण आहे ते नोटीस बोर्डावर बघून ठेव.

पैशांचे बोलू. पीजी, जेवण, येणेजाणे धरून, दहा हजार वजा जाता, तुझ्याच आकड्यांवरून वीस-पंचवीस हजार खिशातून जातील असा माझा अंदाज. मानधन शेवटी मिळते असे धरून चल. मेमध्ये मुंबईत शिकणारी मुले गावी जातात, त्यांच्या रिकाम्या कॉट महिन्यापुरत्या मिळतात का ते आतेला विचारायला सांग. अशा ठिकाणी कधीकधी डिपॉझिटचीही कटकट नसते. डोंबिवलीहून लोअर परळजवळचे करी रोड ही थेट मध्य रेल्वेची लाइन आहे, गाडी बदलावी लागत नाही, म्हणून आतेकडेच राहायचा मोह होईल. पण फर्ममधून रात्री दहा-अकराला सुटून डोंबिवली गाठायची आणि सकाळच्या गर्दीत परत यायचे, यात शिकायचे त्राण उरणार नाही. आठवडाभर पीजी, शनिवार-रविवार आतेकडे. थिवीहून गाडीचे तिकीट आत्ताच काढ, मेमध्ये कोकण रेल्वेला मुंगीला शिरायला जागा नसते.

आणि हे सगळे आईच्या बांगड्या बँकेत ठेवून किंवा व्याजाने पैसे काढून करायचे असेल, तर जाऊ नकोस. मी एवढे मुंबईच्या बाजूने बोलले तरीही. चार आठवड्यांच्या बिनभरवशाच्या गोष्टीसाठी घर अडकवायचे नसते. त्या परिस्थितीत फर्मला लिही की या वर्षी जमत नाही, डिसेंबरात किंवा पाचव्या वर्षी घ्याल का. कधीकधी घेतात.

अशाच विषयावर मडगावच्या एका मुलाचेही पत्र आले आहे. त्याला तर एकाही फर्मने उत्तर दिलेले नाही. त्याला एवढेच सांगते, फर्मचा नाद या उन्हाळ्यापुरता सोड. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे कोर्टाची सुट्टी असो नसो, माणसे दाराशी असतात. अर्ज लिहून देता देता हात बसतो.

आता काका. बाय, काकांना राग येईल असे कोण म्हणाले? बाबा. काकांनी स्वतः काय म्हटले? टेबल टाकून ठेवतो. या दोन वाक्यांच्या मधले सगळे तू आणि बाबांनी भरले आहे. फी भरणाऱ्याचे उपकार बाबांच्या मनावर आहेत, त्यात चूक काही नाही. बसच्या स्टिअरिंगवर बसून ते रोज तो हिशेब करत असतील. पण ज्या माणसाने पुतणीला वकील करायला पैसे घातले, त्याला ती मोठ्या फर्ममध्ये चालली याचे वाईटच वाटेल, हे गृहीत का धरायचे? कदाचित वाटेलही. वकिलांना मान लागतो, मी वकिलांतच म्हातारी झाले. तरी नाही म्हणणे आणि 'जूनपासून येते' म्हणणे यात फरक आहे, आणि तू खरोखरच दुसरे म्हणणार आहेस.

काकांना फोनवर सांगू नकोस. बाबांना मध्ये घालू नकोस, ते माफी मागितल्यासारखे बोलतील. वीस तारखेच्या आधीच्या रविवारी सकाळी, अशील यायच्या आत, उसगावमार्गे फोंड्याला जा. फर्मचा मेल दाखव, त्यांना वाचू दे. मुंबईच्या फाईलमध्ये गोव्याची जमीन आली तर काय बघायचे, हे त्यांनाच विचार. आणि निघण्यापूर्वी जूनपासून कोणत्या शनिवारी यायचे आणि सहामाही परीक्षेनंतरचे आठवडे कोणते, ते त्यांच्या कोर्टाच्या डायरीत त्यांच्याच हाताने लिहून घे.